खंडेनवमीचा धूर

संपादकांचा फोन आला, ‘‘अण्णा, शेअरच्या धंद्यातले गमतीचे किस्से लिहा. दिवाळीचा अंक आहे, लोकांना जरा हलकं काही वाचायला हवं असतं.’’ किस्से माझ्याकडे पुष्कळ आहेत. दोन-तीन सांगतोही. पण ज्या गोष्टीसाठी मी लिहायला होकार दिला, ती हलकी नाही. आता वयाची ऐंशी उलटली. ही गोष्ट माझ्याकडून सांगायची राहिली, तर ती दुसरं कुणी सांगू शकणार नाही, कारण ती दुसऱ्या कुणाला माहीत नाही.

लक्ष्मीपुरीत माझं दुकान होतं. दुकान कसलं, एक खोली, एक टेबल, काळा फोन आणि दारात टांगलेला फळा. वडिलांची शाहूपुरीत गुळाची अडत. मला तो चिकटपणा नको होता, म्हणून मी कागदाच्या धंद्यात शिरलो. कोल्हापुरात शेअरबाजार नव्हता. मी मुंबईतल्या एका दलालाचा इथला माणूस. गिऱ्हाइकाने मला सांगायचं, मी मुंबईला फोन लावायचा, तिकडे कांतिभाई नावाचा त्यांचा कारकून सौदा करून घ्यायचा आणि पुढे कधीतरी पोस्टाने कागद यायचा. ट्रंक कॉल लागेपर्यंत माणूस जेवून, झोपून उठायचा. दुपारी बाजार बंद झाला की कांतिभाई भाव सांगायचा आणि मी ते खडूने फळ्यावर उतरवायचो. वर्तमानपत्रात तेच भाव दुसऱ्या दिवशी सकाळी यायचे. तेवढ्या एका संध्याकाळपुरता मी गावात शहाणा असायचो.

शाहूपुरीतले एक गुळाचे व्यापारी वडिलांच्या ओळखीने आले. पहिलं सर्टिफिकेट हातात पडल्यावर त्यांनी ते उजेडात धरलं, अंगठ्याने चोळून बघितलं.

‘‘ह्यात बगायचं काय, अण्णा? रंग न्हाई, रवा न्हाई. माल कुटं हाय?’’

‘‘माल कारखान्यात आहे काका. ही त्याची पावती.’’

‘‘पावती माल इकल्यावर फाडत्यात. तू तर पावतीच इकाय लागलास की!’’

दुसरे एक तालमीचे वस्ताद. त्यांना पुण्याच्या एका कंपनीचे शेअर घ्यायचे होते, पण न बघता कसे घ्यायचे म्हणून एसटीने पुण्याला गेले. फाटकावरच्या रखवालदाराने आत सोडलं नाही. परत येऊन म्हणाले, ‘‘ज्या तालमीत आत घेत न्हाईत, तितल्या पैलवानावर आपुन पैज लावत न्हाई.’’ घेतले नाहीत ते नाहीतच. हे किस्से मी लग्नाच्या पंगतीत बसून पुष्कळ वेळा सांगितले आणि माणसं पोट धरून हसली.

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. कंपनी पहिल्यांदा शेअर विकते तेव्हा लोकांचा पैसा कंपनीला मिळतो. त्यानंतर तो शेअर बाजारात शंभर हातांतून फिरला, भाव दुप्पट झाला, चौपट झाला, तरी त्यातला एक रुपयाही कारखान्यात जात नाही. तो या खिशातून त्या खिशात जातो. भाव चढला म्हणून भट्टीत कोळशाचं घमेलं पडत नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. माझ्या फळ्यापुढे उभ्या राहणाऱ्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते त्यांना समजावण्यात माझा काही फायदा नव्हता.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. शेअरचं वेड मुंबईतून पुणे, सांगली करत आमच्याकडे पोचलं. नव्या कंपन्यांचे फॉर्म भरायला माझ्या दारात रांगा लागायच्या. आणि त्याच वेळी गावातला खरा धंदा बसत चालला होता. इचलकरंजीहून येणारी गिऱ्हाइकं सांगायची, माग एका पाळीवर आलेत. उद्यमनगरात दुपारी गेलं तरी लेथचा आवाज विरळ झालेला जाणवायचा. एक वर्कशॉपवाला हातावरचं तेल पुसत माझ्याकडे यायचा. त्याला मी एकदा विचारलं, ‘‘आज लेथ बंद?’’ तो म्हणाला, ‘‘चालू ठिवून काय मिळतंय? म्हैनाभर घासून जे सुटत न्हाई ते तुमच्या कागदात आठ दिसात सुटतंय. मग कशाला हात काळं करू?’’ त्याला मी चहा पाजला. गिऱ्हाईक होतं.

शिरोलीला एक फौंड्री होती. नाव लिहीत नाही, मालकांची पुढची पिढी गावात आहे आणि त्यांचा यात काही दोष नाही. बिडाचं ओतकाम, इंजिनांचे आणि पंपांचे भाग. कंपनीचे शेअर मुंबईच्या बाजारात होते. तिथे हिंदुराव मोल्डर होते. मोल्डर म्हणजे वाळूत साचा बसवणारा. साचा चुकला की ओतलेला सगळा रस वाया. हिंदुरावांचा साचा सहसा चुकायचा नाही. त्यांच्या हाताखाली दहा-बारा जणांची टोळी होती आणि टोळी त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती. ते आमच्याच गल्लीच्या तोंडाशी राहायचे. उंच, हाडापेराने मोठे, बोलणं गल्लीभर ऐकू जाईल असं. कंपनीने कामगारांना थोडे थोडे शेअर दिले होते, ते कागद घेऊन ते पहिल्यांदा माझ्याकडे आले.

‘‘अण्णा, म्हंजे आता मी बी मालक व्हय?’’

‘‘होय की. थोडासा.’’

‘‘मग मालकाच्या खुर्चीचा कंचा पाय माजा, तेवढं इचारून सांगा.’’

फौंड्री बंद पडली ती हळूहळू. आधी ऑर्डरी आटल्या, मग विजेचं बिल थकलं, मग बँकेने हात आखडता घेतला आणि एक दिवस फाटकाला कुलूप. मालक म्हणाले, तात्पुरतं आहे. टोळी घरी बसली. हिंदुराव रोज संध्याकाळी दुकानाशी येऊन त्या एका कंपनीचा भाव वाचायचे. दवाखान्यात पेशंटच्या उशाशी लावलेला तापाचा कागद नातेवाईक वाचतात तसा. भाव चार आण्यांनी वाढला तरी म्हणायचे, ‘‘धुगधुगी हाय अजून.’’

आणि भाव वाढत होता. कारखान्याला कुलूप आणि भाव वर. शिरोलीची जमीन विकणार, मोठी कंपनी फौंड्री घेणार, परदेशातून ऑर्डर येणार, अशा बातम्या मुंबईत फिरत होत्या. ज्यांनी त्या उठवल्या त्यांनी शिरोली बघितलेली नव्हती. मी बघितलेली होती, तरी मीसुद्धा त्या कंपनीचे शेअर घेऊन ठेवले. थोडे नव्हे. बायकोचे दागिने गहाण टाकून घेतले. ती म्हणाली, ‘‘कुलपाला एवढा भाव आलाय म्हणता, मग आपल्या दुकानाला पण कुलूप घाला.’’ ती चौथीपर्यंत शिकलेली, तिला काय कळतंय, असं मी मनात म्हटलं.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला बेळगावच्या एका फौंड्रीचा माणूस हिंदुरावांकडे आला. त्यांना मोल्डर हवे होते, एकटादुकटा नको, पुरी टोळी हवी होती. राहायला खोल्या, पगार इथल्याएवढाच, पण नेमाने. कोजागरीपर्यंत होय की नाही ते कळवा, नाहीतर आम्ही दुसरीकडची टोळी बघतो, असं तो सांगून गेला. टोळीतल्या पोराबाळांच्या माणसांची जायची इच्छा होती. हिंदुराव म्हणाले, ‘‘दसरा होऊ दे. मग बगू.’’

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. शेतकरी विळा-नांगर मांडतो, सुतार रंधा मांडतो, मी फोनला आणि फळ्याला फूल वाहायचो. फौंड्रीवाल्यांचा रिवाज असा की त्या दिवशी भट्टी विझलेली ठेवायची नाही. काम असो-नसो, नावाला का होईना, पेटवायचीच. कारखाना बंद होता, तरी हिंदुरावांनी रखवालदाराला गूळ लावून आत शिरायची परवानगी काढली. मलाही बोलावलं. ‘‘चला की अण्णा. आमचा देव्हारा बगा.’’

मी गेलो. टोळीने सगळी शेड झाडून काढली होती. साच्याच्या पेट्या धुऊन रचल्या होत्या, फावडी, घमेली, ठोकणी ओळीने मांडून त्यांना हळदकुंकू लावलं होतं. उभ्या भट्टीला झेंडूची मोठी माळ. हिंदुरावांनी भट्टीच्या तोंडात लाकडाच्या ढलप्या, सुकं खोबरं, चार मुठी कोक कोळसा आणि कापराची वडी ठेवली आणि काडी लावली. भट्टी कित्येक महिन्यांची गार. आधी धूर आतच कोंडला, आमचे डोळे चुरचुरले, मग ओढ लागली आणि धुराड्यातून काळा लोट वर गेला. हायवेवरच्या ट्रकवाल्यांनी मान वळवून बघितलं. टोळीतला एक जण ओरडला, ‘‘पेटली रंऽऽ!’’ आणि सगळे टाळ्या पिटत हसले. हिंदुराव हसले नाहीत. ते धुराकडे बघत उभे होते. नारळ फुटला, पेढा मिळाला, थोड्या वेळात भट्टी पुन्हा गार झाली आणि रखवालदाराने सगळ्यांना बाहेर काढून कुलूप लावलं.

दुपारी दुकानात आलो तर कांतिभाईचा फोन.

‘‘बोला शेठ, तुमच्या फौंड्रीचा काय हाल आहे? इथे लोक विचारते. खरा की खोटा?’’

मी म्हणालो, ‘‘आज सकाळी भट्टीतून धूर निघाला. कामगार आत होते. शेड झाडून तयार आहे. मी स्वतः उभा राहून बघितलं.’’

‘‘साचु बोलता?’’

‘‘देवाशपथ.’’

यातला एक शब्दही खोटा नव्हता. धूर कशाचा होता, एवढंच मी सांगितलं नाही. कांतिभाई गुजराती माणूस, मुंबईत जन्मलेला. कोल्हापूरकडची फौंड्री खंडेनवमीला काय करते हे त्याला कुठून ठाऊक असणार? त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. फोन ठेवताना माझा हात स्थिर होता, हे मला आजही आठवतं.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर बाजार उघडला आणि भाव असा चढला की मला फळ्यावर आकडा दोनदा पुसून लिहावा लागला. दुसऱ्या दिवशी आणखी वर. फळ्यापुढे फौंड्रीचे कामगार गोळा झाले, त्यांच्या मागे बघे. कुणीतरी पेढे वाटले. कारखाना सुरू होणार, मुंबईला बातमी लागली आहे, आपल्यालाच उशिरा कळतंय, असं जो तो बोलत होता. मुंबईला ती बातमी त्यांच्याच कापराने लावली होती.

कोजागरीच्या आदल्या दुपारी हिंदुराव दुकानात आले. एकटे. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

‘‘अण्णा, उद्या बेळगावला उत्तर द्याचं हाय. माज्या एकट्याचं असतं तर इचारलं नसतं. धा-बारा घरं हाईत. खरं सांगा, भाव का चढाय लागलाय?’’

मला खरं माहीत होतं. जगात बहुधा मला एकट्यालाच माहीत होतं. ते सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं, उद्यापर्यंत मुंबईत, आणि माझे शेअर अजून विकायचे होते. मी टेबलावरचे कागद सारखे करत म्हणालो, ‘‘मुंबईवाले उगीच पैसा घालत नाहीत. त्यांना काहीतरी माहीत असणार.’’

‘‘म्हंजे थांबावं म्हंता?’’

‘‘मी काय सांगणार? तुम्हीच बघा. भाव तर समोर आहे.’’

त्यांनी वळून दारातल्या फळ्याकडे बघितलं. मग म्हणाले, ‘‘व्हय. समोर तर हाय,’’ आणि गेले. त्या संध्याकाळी त्यांनी टोळीला सांगितलं की आपला कारखाना उघडतोय, घर सोडून परमुलखात जायचं कारण नाही. बेळगावला नकार गेला. तिकडे दुसऱ्या गावची टोळी लागली.

त्या आठवड्यात मी माझे सगळे शेअर विकले. मालकांनीही त्यांच्याजवळचे बरेचसे त्याच उंचीवर काढले, हे मला पुढे कळलं. दिवाळी झाली, धूर कशाचा होता ते मुंबईत कुणालातरी समजलं असावं, किंवा तिथल्या लोकांना खेळायला दुसरी कंपनी मिळाली. भाव जसा चढला तसा उतरला आणि चढण्याआधी होता त्याच्याही खाली गेला. फौंड्री उघडली नाही. नंतर शेडचे पत्रे भंगारात गेले.

बायकोचे दागिने मी सोडवून आणले. घरावर मजला चढवला. हे लिहितोय ते त्याच मजल्यावर बसून.

टोळी विखुरली. दोघे रिक्षा चालवू लागले. एक जण इचलकरंजीत मागावर गेला. ज्याने वर्षानुवर्षं साचे बसवले, तो तिथे पोरांबरोबर सुताच्या कांड्या भरायला शिकला आणि खोकत परत आला. एक बँकेपुढे रखवालदार झाला. त्याच्या हातात बंदूक होती आणि ती कशी धरायची हे त्याला अखेरपर्यंत जमलं नाही. हिंदुराव उद्यमनगरात एका लहान वर्कशॉपमध्ये किरकोळ कामाला लागले. आणि गावात बोललं जाऊ लागलं की हिंदुरावने अडवलं नसतं तर आज सगळ्यांची बेळगावात घरं असती. त्याच्या मालकीच्या चार शेअरच्या लोभापायी त्याने टोळी बसवून ठेवली, असंही कुणी म्हणालं. ते ऐकून मी कानावर हात ठेवले नाहीत आणि तोंडही उघडलं नाही. हिंदुराव आधी गणपतीच्या मंडळात वर्गणीची पेटी धरायचे. ती त्यांच्याकडून काढून घेतली गेली. टोळीतली माणसं रस्त्यात समोरून आली तर पलीकडच्या बाजूला जायची. माझ्या फळ्याशी मात्र हिंदुराव पुढे कधी आले नाहीत. गल्लीत भेटले की ‘‘काय अण्णा, बरं हाय न्हवं?’’ एवढंच.

धंदा मी पुढे पुष्कळ वर्षं केला. मग सगळं यंत्रावर गेलं, फळा गेला, मी दुकान पोराच्या ताब्यात दिलं. मोकळा वेळ वाईट. एक दिवस उठून मी हिंदुरावांकडे गेलो. ते सोप्यात बसून शेंगा फोडत होते. मी सगळं सांगितलं. धूर, फोन, देवाशपथ, माझे शेअर. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं.

ते शेंगा फोडत राहिले. मग म्हणाले, ‘‘कापूर मीच लावलता, अण्णा. धूर कशाचा हाय ते माज्याइतकं कुणाला ठावं असणार?’’

हा विचार इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आला नव्हता. मी विचारलं, ‘‘मग थांबला का?’’

‘‘का म्हंजे? तुमच्या फळ्यावर आकडा चढला की. मला वाटलं, एवडी मोटी मुंबई, ती काय कापराच्या धुराला भुलंल व्हय? तिला आमच्यापरास जास्त काय तरी ठावं असंल. माज्या हातानं लावलेली काडी, पर माजाच इस्वास उडाला तिच्यावरनं.’’

मी म्हणालो, ‘‘माझं चुकलं.’’

‘‘मला सांगून काय उपेग? मी काय कुणाला नावं ठेवाय लागलोय? पोरांस्नी सांगा.’’ पोरं म्हणजे टोळीतली. तीही आता साठी-सत्तरीची. ‘‘त्यांच्या बायका अजून माज्या दारावरनं जाताना थुकत्यात.’’ मग सुनेला हाक मारून त्यांनी मला चहा सांगितला, दोन मुठी शेंगा माझ्या रुमालात घातल्या. मी सांगतो म्हणून कबूल करून आलो.

सांगितलं नाही. आज सांगतो, उद्या सांगतो, असं करत राहिलो. मुलाचा धंदा आहे, नाव आहे, हे कारण होतं. खरं कारण सगळ्यांना कळेल असंच आहे.

म्हणून इथे सरळ लिहितो. बेळगावचं काम हिंदुरावांच्या लोभामुळे गेलं नाही. त्यांनी माझ्याकडे येऊन खरं काय ते विचारलं होतं आणि मी त्यांना खरं सांगितलं नाही. भाव माझ्या फोनमुळे चढला होता आणि तो उतरायच्या आत मला माझे शेअर विकायचे होते. टोळीतल्या जिवंत असलेल्यांनी आणि जे गेले त्यांच्या मुलाबाळांनी हे वाचावं.

गेल्या वर्षी हिंदुराव गेले. तिसऱ्या दिवशी पंचगंगेच्या घाटावर रक्षाविसर्जन होतं. मी काठी टेकत गेलो. टोळीतले तीन म्हातारे आले होते, एका बाजूला, चपला घालूनच, लगेच निघायचं असल्यासारखे. आमच्याकडे अशा वेळी दोन शब्द बोलायची पद्धत आहे. गल्लीतला सर्वांत वयस्कर म्हणून कुणीतरी मला पुढे केलं. हीच वेळ, हे मला कळत होतं. मी म्हणालो, ‘‘हिंदुराव चांगले शेजारी होते. कष्टाळू होते.’’ आणि मागे सरलो.

मग त्यांचा मुलगा पुढे आला. ओल्या पंच्यात, हात जोडून. शेवटी घरच्यांनी म्हणायचं एक वाक्य ठरलेलं असतं, सगळेच म्हणतात. पण तो ते म्हणताना त्या तीन म्हाताऱ्यांकडे वळला.

‘‘आबांच्या हातनं कळत-नकळत कुणाचं वाटोळं झालं असंल, तर आता पोटात घाला. आमी त्यांच्या वतीनं माफी मागतो.’’

तिघांतल्या एकाने डोळे पुसले. दुसऱ्याने पायातल्या चपला काढल्या. घाटावरची सगळी माणसं मान हलवत होती, माफ केलं म्हणून. त्यांच्यात उभा राहून मीही मान हलवली.